उभ्या गाडीचं पुटपुटणं

गाडी उभी असताना इंजिन स्वतःशीच जे पुटपुटत असतं त्याला आयडलिंग म्हणतात, हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं. त्याआधी कितीतरी वर्षं मी मोपेडवरून ऑफिसला गेले, पण तेव्हा माझी समजूत अशी की मोपेड सिग्नलला बंद पडते ती मुद्दाम, माझा पाणउतारा करायला. पाटबंधारे खात्यात कारकून होते मी. कडक इस्त्रीची साडी, खांद्याला पर्स, डोळ्यांवर बशीएवढा गॉगल, आणि द्वारका चौकात मधोमध उभी राहिलेली मोपेड. मागून हॉर्न वाजत, तर बाईसाहेबांना वाटे लोक गॉगल बघताहेत. मान आणखी ताठ करून त्या पायडल मारत राहत. आज ती बाई मला रस्त्यात भेटली तर मी तिला बाजूला घेऊन सांगेन, अगं, आधी पेट्रोलचा कॉक उघड.

पण मला मोपेडचं सांगायचं नाही. माझ्या नातीने आपल्या वडिलांच्या गाडीचं काय करून ठेवलं आणि त्यात मी तिला कशी सामील झाले, ते सांगायचं आहे.

माझा मुलगा रेल्वेत इंजिन चालवायचा. आधी मालगाड्या, मग प्रवासी गाड्या. मनमाड हे त्याचं ठाणं, घर नाशिकला. गेल्या वर्षी त्याच्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. तो बरा झाला, हिंडूफिरू लागला, पण तपासणीत त्याला रनिंगवरून उतरवलं. म्हणजे नोकरी आहे, पगार आहे, फक्त इंजिनात चढायचं नाही. ऑफिसात बसून दुसऱ्यांच्या ड्यूट्या लावायच्या. घरात तो बोलेनासा झाला. चहा दिला की ‘हं’, ताट वाढलं की ‘हं’. गॅलरीत उभा राहून नाशिकरोडकडून येणारी शिट्टी ऐकायचा आणि ती थांबली की आत यायचा. सून म्हणायची, आई, तुम्ही बोला ना त्यांच्याशी. मी बोलायचे. तो म्हणायचा, हं.

त्या आजारपणाच्या काळात त्याची गाडी खाली पार्किंगमध्ये नुसती उभी होती. लहानशीच पेट्रोल गाडी, पण टर्बोची. टर्बो म्हणजे काय ते मला नातीने समजावलंय. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम धुरावर एक पंखा फिरतो, आणि तोच पंखा दुसऱ्या बाजूने इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त जोर. नात मेकॅनिकल शिकलेली. अंबडला एका शेडमध्ये लोकांच्या गाड्या जोरकस करून देण्याचं काम करते. बाप बोलत नाही, आई सारखी डोळे पुसते, मग मुलगी संध्याकाळी खाली जाऊन त्या गाडीत डोकं घालायला लागली. आधी हवेचा मोठा पाइप टाकला. मग ती हवा गार करणारा मोठा इंटरकूलर. मग पेट्रोलची जास्त धार मारणारे इंजेक्टर, मग लॅपटॉप लावून गाडीच्या संगणकातले आकडे बदलणं. बापाला ती फक्त एवढंच म्हणाली होती, “पप्पा, गाडी नुसती उभी राहून खराब होईल, मी जरा बघते.” तो म्हणाला, हं. त्या हं-ची तिने परवानगी करून घेतली.

गाडी पळायला लागली म्हणजे अशी, की मी पहिल्यांदा बसले तेव्हा माझी कवळी मागे सरकली. मला आवडलं, खोटं कशाला बोलू. “अजून एकदा,” असं मी गंगापूर रोडवर किती वेळा म्हटलं ते नात सांगेल.

फक्त उभी राहायची वेळ आली की गाडीचं बिघडायचं. सिग्नलला थांबली की आरपीएमचा काटा वर जायचा, खाली यायचा, पुन्हा वर, पुन्हा खाली, इंजिनाला धाप लागल्यासारखा. गॅरेजवाले याला ‘हंटिंग करतेय’ म्हणतात. कधी कधी काटा खाली गेला की वर यायचाच नाही आणि गाडी बंद. नात म्हणाली, “नवीन इंजेक्टर आहेत ना आजी, थोडं ट्यूनिंग बाकी आहे.” ती रोज संध्याकाळी आकडे बदलायची. एक दिवस सुधारायचं, दुसऱ्या दिवशी होतं तसंच.

मग विंचूर झालं.

येवल्याला माझी बहीण असते. तिला बघायला आम्ही दोघी निघालो होतो. विंचूरच्या चौफुलीवर लासलगावला जाणाऱ्या कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग लागली होती. आमच्या पुढे एक भरलेली ट्रॉली. ती थांबली, नातीने ब्रेक दाबला, आणि इंजिन बसलं. आवाज गेला, स्टिअरिंग जड झालं, आणि ब्रेक, नात नंतर म्हणाली, दगडावर पाय ठेवल्यासारखा झाला. ती दोन्ही पायांनी त्या ब्रेकवर जवळजवळ उभी राहिली, हँडब्रेक ओढला, आणि आम्ही ट्रॉलीला टेकलो. टेकलोच. आदळलो नाही. वरून दोन-चार कांदे बॉनेटवर पडले आणि गडगडत रस्त्यावर गेले.

ट्रॅक्टरवाला उतरून आला. बघून म्हणाला, “ओ ताई, कांदा पाहिजे व्हता तं मागायचा ना, असं पाठीमागून काय येता!”

मी काच खाली करून म्हटलं, “लिलावात भाव लय वाढला म्हणे, म्हणून म्हटलं आधीच घ्यावा.”

“म्हातारी लय तिखट हाय,” असं म्हणत तो हसत गेला. मीही हसत होते. शेजारी नात अजून दोन्ही पायांनी ब्रेक दाबून बसली होती हे मला हसू ओसरल्यावर दिसलं. ती म्हणाली, “आजी, पप्पांना सांगू नकोस.” आणि मी म्हटलं, “कशाला सांगू? त्याला काय कमी व्याप आहेत?” इतक्या सहज म्हटलं मी.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी डॉक्टरांनी मुलाला कार चालवायची मोकळीक दिली. त्याच सुमारास मनमाडहून फोन आला. त्याचा जुना जोडीदार, ज्याच्याबरोबर त्याने अर्धी नोकरी इंजिनात काढली, तो निवृत्त होत होता. रविवारी कार्यक्रम. रात्रीचं जेवण झाल्यावर मुलगा आपणहून बोलला.

“आई, मी जाणार आहे. गाडी घेऊन. एकटा.”

सून म्हणाली, “मी येते ना बरोबर.”

“नको. कोणी पोचवायला यायचं नाही. तिथे सगळे मला पेशंट म्हणून बघायला टपलेत. मी उतरलो तर ड्रायव्हरच्या दारातून उतरेन, नाहीतर जाणारच नाही.”

इतकी वाक्यं त्याच्या तोंडून एका वेळी मी कित्येक महिन्यांत ऐकली नव्हती. सून हसली, नात हसली. मग नातीने माझ्याकडे बघितलं आणि आम्हा दोघींचं हसू एकदमच गेलं. गाडी ठीक नाही म्हणून सांगावं, तर तो काय ऐकणार? गाडी नाही, मीच ठीक नाही असं तुम्हाला म्हणायचंय, हे ऐकणार. न सांगावं, तर विंचूरला मी ऐकलेली ती शांतता त्याच्या वाट्याला येणार, आणि त्याच्या पायात आता नातीइतका जोर कुठला.

त्या आठवड्यात आम्ही दोघी रोज संध्याकाळी खाली. मी माझी प्लास्टिकची खुर्ची घेऊन पाण्याच्या टाकीशी बसायचे, कारण वॉचमन विचारायचा तेव्हा ‘आजींना मोकळी हवा हवी’ असं सांगता यायचं. समोरच्या बिल्डिंगमधले एक काका जाता-येता ‘जयभीम आजी’ म्हणून थांबायचे आणि बॉनेटमध्ये वाकून ‘कचरा आला असंल पेट्रोलमध्ये’ असा निकाल देऊन जायचे. नात आपलं काम करत राहायची. तिने हवेची झडप स्प्रे मारून धुतली. प्लग बदलले. ब्लो-ऑफ नावाचा तो फुस्स करणारा व्हॉल्व्ह पत्री लावून बंद करून बघितला. प्रत्येक वेळी काटा जरा सावरायचा, ती जरा हसायची, आणि चहा होईपर्यंत काटा पुन्हा धाप टाकायला लागायचा.

“हवा कुठूनतरी आत शिरतेय,” ती म्हणाली. “संगणक हवा मोजून तेवढं पेट्रोल देतो. न मोजलेली हवा आली की त्याचा अंदाज चुकतो. मी पेट्रोल वाढवून देते, मग तो दुसरीकडे चुकतो.”

“मग शोध की हवा.”

“शोधतेच आहे ना गं.”

तिने हवा शोधायचं यंत्रही केलं. रंगाचा रिकामा डबा, त्यात तेलात भिजवलेली जुन्या गोधडीची चिंधी धुमसत ठेवलेली, आणि शेजाऱ्यांच्या माशांच्या टाकीचा छोटा पंप. धूर नळीने इंजिनात सोडायचा आणि कुठून बाहेर येतो ते बघायचं. तेल माझं होतं, गुडघ्यांना लावायचं. सगळ्या पार्किंगला निलगिरीचा वास सुटला. इंजिनातून कुठूनच धूर आला नाही. वरच्या मजल्यावरून मात्र कुणीतरी ओरडलं, “खाली काय पेटलंय काय?”

शुक्रवारी ती रडकुंडीला आली. आणि मी, शहाणी, म्हटलं, “रेस वाढव.”

हा माझा जुना इलाज. मोपेडच्या कार्ब्युरेटरला एक स्क्रू असायचा. तो पिळला की गाडी उभ्या-उभ्या जोरात चालायची आणि बंद पडायची नाही. मी पर्समध्ये कंगव्याबरोबर स्क्रूड्रायव्हर ठेवायचे. मोपेड कुरकुरली की पीळ स्क्रू. शेवटी शेवटी ती मोपेड स्टँडवर लावली तरी भुंकत पुढे सरकायची, पेट्रोल पाण्यासारखं प्यायची, आणि मी ऑफिसात सांगत फिरायचे की मला मेकॅनिक लागत नाही, माझं मी बघते. आत काय बिघडलं होतं ते त्या बाईला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारायची पद्धतच नव्हती तिच्याकडे.

नातीने लॅपटॉपवर उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग वाढवला. काटा वर जाऊन स्थिर झाला. इंजिन घरघरत होतं, पण धाप नाही. ब्रेक दाबला तर जरासं दबकलं, बंद पडलं नाही.

“बघ!” मी म्हटलं. “झालं की नाही!”

तिने तोंडावर हात ठेवला. “आजी, ताप आलेल्याचं थर्मामीटर बर्फात बुडवून ‘नॉर्मल आहे’ म्हटल्यासारखं आहे हे.”

“एका रविवारपुरतं म्हणू की. त्याचा तो दिवस होऊन जाऊ दे. सोमवारी काय ते शोध.”

तिने काट्याकडे एकदा बघितलं. मग लॅपटॉप मिटून म्हणाली, “ठीक आहे.” आणि आम्ही वर गेलो. मुलगा आरशासमोर उभा राहून कार्यक्रमाचा शर्ट घालून बघत होता. शस्त्रक्रियेनंतर शर्ट त्याला सैल झाला होता. सून कडेने टाचण्या लावत होती. मला म्हणाला, “आई, कसा दिसतो?” मी म्हटलं, “ड्रायव्हर दिसतोस.” तो हसला. मला जेवण गेलं नाही.

शनिवारी सकाळी नातच मला हलवून उठवायला आली. “चल खाली. मला हे असं नाही जमणार.”

तिने वाढवलेला वेग पुन्हा होता तिथे आणला. मला ड्रायव्हरच्या जागी बसवलं आणि स्वतः लॅपटॉप घेऊन बॉनेटपाशी उभी राहिली. “काही करू नकोस. मी सांगेन तेव्हा ॲक्सिलरेटर थोडा दाब.” आता मला असं बसवून काही करू नकोस म्हणणं म्हणजे. थोडा वेळ मी बसले शहाण्यासारखी. मग पायाला चाळा म्हणून शेजारच्या पायडलवर पाय ठेवला आणि मनात एक चाल होती तिचा ठेका धरला. दाब, सोड. दाब, सोड.

“आजी! आत्ता काय केलंस?”

“काही नाही गं.”

“काटा पडला. आत्ता परत पडला. तुझा पाय कुठे आहे?”

“इथेच आहे पाय. पाय कुठे जाणार आहे?”

ती धावत आली, दार उघडून खाली बघितलं. “ब्रेक. तू ब्रेक दाबतेयस.” मला वाटलं आता ओरडणार. ती म्हणाली, “परत दाब.” मी दाबला. इंजिन खोल गेलं. पायाखालून कुठूनतरी बारीक ‘सूं’ ऐकू आलं, कुकरच्या शिट्टीआधी येतं तसं. “सोड. दाब. धरून ठेव.” इंजिन थडथडलं आणि बंद पडलं.

ती तिथेच खाली बसली. मग मला जे सांगितलं ते असं. ब्रेक हलका लागावा म्हणून इंजिनाची हवा ओढणारी एक नळी ब्रेकच्या डब्याला जोडलेली असते. त्या नळीत एक व्हॉल्व्ह असतो, तो हवा एकाच दिशेने जाऊ देतो. म्हणून तिने इंजिनाकडून सोडलेला धूर त्या व्हॉल्व्हपाशी अडत होता, पुढे जातच नव्हता. गाडी जोरात पळताना टर्बोचा दाब असतो, तेव्हा व्हॉल्व्ह मिटलेला. काहीच जाणवत नाही. गाडी उभी करायला जावं आणि घात.

तिने नळी सोडवली आणि धूर दुसऱ्या बाजूने सोडला. निलगिरीचा वास आला आणि मागे, टर्बोच्या गरम भांड्याशेजारून, एक सरळ पांढरी रेघ वर आली. तिथे एक प्लास्टिकचा जोड होता. त्याला केसाएवढी भेग, ब्रेक दाबला की नळी हिसकून रुंदावणारी.

“हा तिथे कसा?” मी विचारलं, तर ती फडक्याला हात पुसत बसली. पुन्हा विचारलं.

“मी घातलाय,” ती म्हणाली. “मोठा पाइप बसत नव्हता. जागा करायला मी ब्रेकची नळी कापली, वळवून घेतली आणि मध्ये जोड घातला. उष्णतेने तडकला. आजी, मी आकड्यांमध्ये शोधत होते एवढे दिवस. ब्रेकची नळी कापली मी. पप्पांच्या गाडीची.”

अखंड नळीच मागवणं भाग होतं. ती सोमवारनंतर मिळणार होती. मी म्हटलं, टेप गुंडाळून नाही का जाणार मनमाडपर्यंत? तिने माझ्याकडे असं बघितलं की मी माझी खुर्ची उचलली आणि वर गेले.

रविवारी तो तयार होऊन खाली आला. शर्ट नीट बसला होता, केसांना पाणी लावलेलं, हातात जोडीदारासाठी घेतलेली भेट. नात गाडीपाशी उभी होती. ती नुसती बॉनेट पुसत होती. म्हणून मी बोलले, आणि माझी बोलायची रीत वाकडी. “अरे, आज ऊन फार आहे. बसने जातोस का?”

तो थांबला. “का?”

“काही नाही, उगीच.”

“आई, सरळ बोल. मी चालवू नये असं वाटतं तुला.”

“तसं नाही रे.”

“तसंच आहे. डॉक्टर हो म्हणाला तरी तुम्ही नाहीच म्हणणार. रेल्वेने उतरवलं, आता घरच्यांनीही उतरवा.”

“पप्पा,” नात म्हणाली, “तुम्ही बसा. चालू करा. पण हलवू नका. फक्त ब्रेक दाबा.”

तो ड्रायव्हरच्या जागी बसला. आयुष्यभर ब्रेक बघितल्याशिवाय त्याने कधी गाडी हलवली नाही. आमची जुनी स्कूटरसुद्धा तो आधी दोनदा ब्रेक दाबून मगच गिअरमध्ये टाकायचा, आणि मी त्याला हसायचे. त्याने किल्ली फिरवली, इंजिनाची धाप जरा वेळ ऐकली, भुवई वर केली. मग पाय ब्रेकवर ठेवला आणि सावकाश दाबला. सूं. काटा पडला. त्याने पाय तसाच ठेवला. इंजिन बंद झालं. त्याने पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. ब्रेक वर वर येत कडक झाला ते मला त्याच्या गुडघ्यावरून दिसलं. मग त्याने पाय काढून घेतला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले.

“किती दिवसांपासून?”

नात म्हणाली, “माझ्यामुळे झालं, पप्पा. मी नळी कापली होती.”

“ते विचारलं नाही. किती दिवसांपासून तुला माहीत आहे?”

“ब्रेकचं काल कळलं. पण बंद पडते ते… विंचूरच्याही आधीपासून.”

“विंचूरला काय झालं?”

नातीने माझ्याकडे बघितलं. शेवटी मी सांगितलं. ट्रॉली, कांदे, सगळं. ट्रॅक्टरवाला काय म्हणाला तेही सांगितलं, कारण मला वाटलं तो हसेल.

“तू होतीस गाडीत,” तो म्हणाला.

“होते.”

“आणि दोघी घरी येऊन माझ्यासमोर जेवायला बसलात.”

“तुझ्या जिवाला उगाच घोर नको म्हणून रे.”

“माझ्या जिवाला!” तो ओरडला नाही, ओरडला असता तर बरं झालं असतं. “आई, मागे डबे घेऊन घाट उतरायचो मी. सहायकाने ब्रेकचं काही लपवलं असतं ना माझ्यापासून, तर मी त्याला पुढच्या स्टेशनला उतरवला असता. तुम्हाला मी सांगण्याच्या लायकीचा वाटत नाही. मग पेशंट अजून कोणाला म्हणतात?”

त्याने किल्ली काढून खिशात टाकली आणि रिक्षा थांबवली. मनमाडला तो गाडीने गेला, म्हणजे रेल्वेने. ज्या रुळांवर त्याने इतकी वर्षं काढली त्याच रुळांवर, लोकांमध्ये, खिडकीला. संध्याकाळी परत आला. सुनेने विचारलं, कार्यक्रम कसा झाला? तो म्हणाला, हं.

किल्ली त्याच्याकडेच राहिली. नळी आली तेव्हा नातीला किल्ली मागायला जावं लागलं. मी दाराआडून ऐकत होते. तो म्हणाला, “चल, मीही येतो.” मला वाटलं, आता हा तिला पार्किंगमध्ये सगळ्यांसमोर बोलणार. मी पण खुर्ची घेऊन गेले.

त्याने नुसतं बॉनेट उघडून दिलं. तिने मोठा पाइप काढून जुना बसवला, म्हणजे नळीला तिची जागा परत मिळाली. अखंड नळी लावली. गाडी चालू केली तर आणखीनच वाईट! काळा धूर, पेट्रोलचा वास, इंजिन गुदमरलेलं. मी म्हटलं, “अगं, नवी नळी पण खराब निघाली!” नात म्हणाली, “नळी बरोबर आहे. मी इतके दिवस भेगेतून येणाऱ्या हवेसाठी पेट्रोल वाढवत होते. आता हवा बरोबर आहे आणि माझे सगळे आकडे चूक.” तिला ते एकेक करून मागे न्यायचे होते. इंजिन गार असताना, गरम झाल्यावर, एसी लावून, दिवे लावून. प्रत्येक वेळी ब्रेक दाबून बघायचा.

ब्रेकवर तो बसला. किती संध्याकाळी ते दोघं खाली होते मी मोजलं नाही. ती बॉनेटपाशी, तो आत. “दाबा.” “सोडा.” “धरून ठेवा.” एवढंच बोलणं. मधे तो कधी काच खाली करून म्हणायचा, “आता थोडं खाली दबकलं,” आणि ती म्हणायची, “बघते.” बापलेकीत याहून जास्त शब्द नव्हते, आणि माझ्याशी तर तेवढेही नव्हते. मी चहा नेला की तो कप घ्यायचा आणि समोर काट्याकडे बघायचा. मी विनोद केले. मी विनोद करायची थांबले.

एका संध्याकाळी काटा जिथे असायला हवा तिथे बसला आणि तिथेच राहिला. इंजिन इतकं हळू पुटपुटत होतं की टाकीत पडणारं पाणी ऐकू येत होतं. त्याने ब्रेक दाबला. काही झालं नाही. एसी लावून दाबला. काही झालं नाही. नातीने लॅपटॉप मिटला, डोळे पुसले आणि म्हणाली, “पप्पा, झाली.”

“हं,” तो म्हणाला. गाडी बंद करून वर आला.

त्यानंतर गाडी दोन-तीन दिवस तशीच उभी.  मग काल सकाळी, सून स्वयंपाकघरात असताना, मला किल्लीचा आवाज आला. मी गॅलरीत गेले. तो गाडीत बसला, ब्रेक दोनदा दाबला, हळूच गाडी पार्किंगमधून काढली आणि सोसायटीच्या फाटकात उभी केली. डावीकडे वळायचा दिवा लावला. तो दिवा लुकलुकत राहिला. रस्ता मोकळा होता. गाडी बंद पडली नाही. मला तिसऱ्या मजल्यावरून ते पुटपुटणं ऐकू येत होतं, एकसारखं. नात माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि तिने माझा हात दाबून धरला.

मागून भाजीवाल्याची हातगाडी आली. “साहेब, निघता का?” हातगाडीवाल्याने विचारलं. गाडी तशीच. मग डावीकडचा दिवा बंद झाला, गाडी सावकाश मागे आली आणि पुन्हा आपल्या जागेवर लागली.

तो वर आला, किल्ली दाराशेजारच्या खिळ्याला लावली. ती त्याने इतके दिवस खिशात ठेवली होती.

“गाडी चांगली आहे,” तो नातीला म्हणाला. मग माझ्याकडे वळून, कितीतरी दिवसांनी, “आई, उद्या तू येतेस का बरोबर? फक्त फाटकाच्या बाहेरपर्यंत.”

मी हो म्हटलं. एरवी मी काहीतरी जोडलं असतं पुढे. मला सुचलं नाही.